खेळण्यातला दिवा व त्याचा जमाखर्च

आमच्या बालपणी, म्हणजे १९६५ ते १९७० च्या सुमारास, बेळगावच्या रविवार पेठेत पहाटेच्या अंधारात धान्याच्या बैलगाड्या येऊन लागत. प्रत्येक गाडीच्या आसाखाली एक कंदील टांगलेला असे. गाडी हलली की कंदील हाले आणि चाकांच्या आऱ्यांच्या लांब सावल्या दुकानांच्या फळ्यांवरून फिरत जात. वडिलांचे बोट धरून पेढीवर जाताना हे दृश्य आम्ही कितीतरी वेळा पाहिले आहे. पुढे मालमोटारी आल्या, गाड्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर ते कंदीलही गेले.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी आम्हांस आज्ञा केली की, धान्याचे भाव, आवक-जावक आणि सेस यांखेरीज काहीतरी लिहावे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य तूर-हरभऱ्याच्या पोत्यांत गेलेले. तथापि गेल्या वर्षभरात आमच्या हातून एक लहानसे काम घडले, त्यात एक मोठी चूकही घडली आणि त्या चुकीपासून जो धडा मिळाला तो आपल्या सर्व सभासद कुटुंबांच्या उपयोगी पडण्याजोगा आहे असे वाटल्यावरून हे लेखन करीत आहो.

सावंतवाडीस एका विवाहास गेलो असता तेथील चितार आळीतून आम्ही एक लाकडी बैलगाडी विकत घेतली. घरी दहा वर्षांची नात आणि अडीच वर्षांचा नातू. नातीस आम्ही पेठेतल्या कंदिलांची हकीकत पूर्वी सांगितलेली होती. तिने गाडी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, “आजोबा, हिचा कंदील कुठं आहे?” उत्तर देणे कठीण होते. कंदील बसवून देतो असे वचन देऊन आम्ही सुटका करून घेतली.

खेळण्यात दिवा बसविण्याची सर्वांत सोपी रीत आज शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. ज्यास सर्वजण एलईडी म्हणतात तो मुगाएवढा दिवा आणि रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल एवढ्या दोनच वस्तू त्यास लागतात. दिव्यास दोन पाय असतात. लांब पाय धन, आखूड पाय ऋण. सेल त्या दोन पायांच्या मध्ये सरकविला की दिवा लागला. आम्ही तेच केले. गाडीच्या तळाशी एक खाच कोरली, सेल आणि दिवा तीत बसविला आणि वर चिकटपट्टी लावली. एकंदर खर्च चाळीस रुपयांच्या आत. त्या रात्री दिवाणखान्यातील विजेचे दिवे मालवून गाडी फिरविली, तेव्हा भिंतीवर आऱ्यांच्या सावल्या फिरू लागल्या आणि आमचे मन साठ वर्षे मागे गेले. नातवाने टाळ्या पिटल्या.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी गाडी पालथी पडलेली, चिकटपट्टी निघालेली, दिवा एकीकडे आणि सेल कोठेच नाही, असे सूनबाईंच्या दृष्टीस पडले. नातू शेजारी शांत बसला होता. विचारले तर तो नुसता हसे. अडीच वर्षांच्या मुलास साक्ष देता येत नाही. चटया झटकल्या, कपाटे सरकविली, सेल मिळाला नाही. तशाच पावली त्यास घेऊन इस्पितळात गेलो. क्ष-किरणांचे चित्र निघून हाती येईपर्यंतचा अर्धा तास आम्हांस कसा गेला हे लिहून सांगता येणार नाही. चित्र स्वच्छ निघाले. पोटात किंवा गळ्यात काही नव्हते. दुसऱ्या दिवशी पेढीवरच्या मुलास तो सेल तूरडाळीच्या नमुन्याच्या ताटलीत सापडला. आदल्या सायंकाळी ती ताटली घरी आणली होती. नातवाने आपल्या परीने तीत एक दाणा वाढविला होता.

त्या रात्री डॉक्टरांनी आम्हांस जे समजाविले ते आम्ही येथे मुद्दाम विस्ताराने देतो. नाण्यासारखा सेल गिळला गेल्यास तो फुटून आतील विष बाहेर पडते अशी आपली समजूत असते. मुख्य धोका तो नव्हे. सुमारे २० मिलिमीटर व्यासाचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. तेथील ओली त्वचा आणि लाळ त्याच्या दोन्ही तोंडांस स्पर्श करते आणि जे काम गाडीत दिव्याचे पाय करीत होते तेच काम आता मुलाचा गळा करू लागतो. वीज वाहू लागते. त्या विजेने सेलच्या ऋण बाजूशी दाहक क्षार तयार होतो आणि तो अन्ननलिकेस भाजत जातो. दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. पुढे छिद्र पडून मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत जखम पोचल्यास प्राणावर बेतते. दिवा लागेनासा झाला म्हणून जो सेल आपण मेला असे समजतो, त्याच्यातही हे करण्याइतका जोर शिल्लक असतो. नाकात किंवा कानात घातलेला सेलही असाच भाजतो. म्हणून मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, शौचावाटे पडेल म्हणून थांबू नये, लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. क्ष-किरणांची सोय असलेले इस्पितळ तत्काळ गाठावे.

घरी येऊन गाडी आम्ही माळ्यावर टाकली होती. पण नात पाठ सोडीना आणि वचन दिलेले होते. तेव्हा आमच्या आळीत चाळीस वर्षे रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गाडी घेऊन गेलो. सर्व हकीकत ऐकून ते म्हणाले, “अण्णा, तुम्ही आधी दिवा बघितला आणि सेल शेवटी. खेळण्यात उलटं करायचं. आधी सेल कुठं बसणार, कसा कोंडायचा, ते ठरवायचं. दिवा मग आपोआप ठरतो.” पुढे पंधरा दिवस रोज सायंकाळी तासभर त्यांच्यापाशी बसून आम्ही जे शिकलो ते आपल्या व्यापारी भाषेत मांडतो.

प्रथम सेल. मिस्त्रींनी चपटा सेल बाद केला आणि विजेरीत घालतात त्या जातीचे, दीड-दीड व्होल्टचे दोन बोटाएवढे सेल निवडले. लांबी सुमारे ५० मिलिमीटर, जाडी सुमारे १४. एवढी वस्तू लहान मुलास सहजासहजी गिळता येत नाही. तरीही तिला मोकळे ठेवावयाचे नाही. त्यासाठी झाकणास स्क्रू असलेली प्लॅस्टिकची तयार डबी बाजारात मिळते. पेचकसाखेरीज जे उघडते ते झाकणच नव्हे, असे मिस्त्रींचे मत.

आता हिशेब. सेल हा जमेच्या बाजूचा. दीड अधिक दीड मिळून ३ व्होल्ट जमा. दिवा हा खर्चाच्या बाजूचा. प्रत्येक रंगाच्या दिव्याची मागणी ठरलेली असते. तांबड्या वा पिवळ्या दिव्यास सुमारे २ व्होल्ट लागतात, निळ्या आणि पांढऱ्यास सुमारे ३. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक शक्तीचा, म्हणून त्याची किंमतही अधिक. आणि पांढरा दिवा हा आतून निळाच असून त्यावर पिवळा प्रकाश देणारा लेप दिलेला असतो. दृश्य तांबड्या प्रकाशाचा असा दिवा अमेरिकेत निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये करून दाखविला. पण तेजस्वी निळा दिवा साधण्यास त्यानंतर सुमारे तीस वर्षे लागली आणि त्याबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या चार रुपयांच्या दिव्यामागे एवढी तपश्चर्या आहे.

आमच्या कंदिलास पिवळा दिवा योग्य. जमा ३, खर्च २, शिल्लक १ व्होल्ट. ही शिल्लक कोणाच्या तरी खाती टाकलीच पाहिजे. जर्मन शास्त्रज्ञ किर्खोफ यांनी १८४५ मध्ये जो नियम सांगितला तो आम्हांस आपल्या रोजमेळाचाच नियम वाटला. एक पूर्ण फेरी केली असता जेवढे व्होल्ट जमा तेवढेच खर्च, पै इकडची तिकडे होत नाही. मग उरलेला एक व्होल्ट कोण घेणार? त्यासाठी रोधक बसवावयाचा. बाजारात त्यास रेझिस्टर म्हणतात. तो बाजरीच्या दाण्याहून थोडा मोठा, अंगावर रंगीत पट्टे असलेला असतो.

जुन्या विजेरीच्या काचेच्या दिव्यास हा लागत नसे, कारण त्यातील तारच प्रवाहास अडविण्याचे काम करी. एलईडीची प्रकृती निराळी. त्याच्या मागणीपर्यंतचे व्होल्ट मिळेतोवर तो मुकाट असतो. मागणी पुरी होऊन थोडेसे जरी अधिक मिळाले तरी प्रवाह भराभर वाढतो आणि दिवा जळतो. उधळ्या वारसासारखा त्याचा स्वभाव. त्याच्यावर रोधकाची मुखत्यारी हवीच. चपट्या सेलवर आमचा दिवा रोधकाविना टिकला तो आमच्या हुशारीने नव्हे. त्या सेलच्या अंगातच पुरेसा अडथळा असतो, म्हणून.

रोधक केवढा घ्यावा हे ओहम यांच्या १८२७ सालच्या नियमावरून निघते. शिल्लक व्होल्टास हव्या त्या प्रवाहाने भागावे. खेळण्यातल्या दिव्यास १० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा शंभरावा हिस्सा, पुष्कळ झाला. १ भागिले एकशतांश म्हणजे १०० ओहम. त्याचे पट्टे तपकिरी, काळा, तपकिरी. सेल झिजून प्रत्येकी १.२ व्होल्टांवर आले तर जमा २.४ उरते आणि शिल्लक ०.४, प्रवाह सुमारे ४ मिलिअँपिअर होतो, तरी कंदील मंद का होईना लागतो. याच दोन सेलांवर पांढरा दिवा लावला असता तर जमा ३ आणि खर्च ३. शिल्लक काहीच नाही, आणि सेल थोडे उतरताच दिवाळे. पांढरा दिवा हवाच असेल तर तीन सेल घ्यावेत. जमा ४.५, खर्च ३, शिल्लक १.५, रोधक १५० ओहम, पट्टे तपकिरी, हिरवा, तपकिरी.

आमच्या मनात नऊ व्होल्टांचा चौकोनी सेल होता. मिस्त्रींनी तो हिशेबाने खोडला. ९ पैकी २ दिव्यास, ७ रोधकास. नऊ रुपयांच्या मालावर सात रुपये हमाली-तोलाई देणारा व्यापारी किती दिवस पेढी चालवील? तेथे तीन पिवळे दिवे एकामागे एक जोडले तर खर्च ६, शिल्लक ३ आणि रोधक ३०० ओहम येतो. बाजारात त्याच्या जवळचा ३३० चा मिळतो, तो चालतो. मात्र दिवे एकामागे एक न जोडता शेजारी-शेजारी जोडावयाचे असल्यास प्रत्येकास स्वतंत्र रोधक द्यावा. दोन दिव्यांची मागणी तंतोतंत सारखी कधीच नसते. एकच रोधक दोघांत ठेवला तर कमी मागणीचा दिवा बहुतेक सर्व प्रवाह ओढून घेतो.

सेल किती दिवस पुरतील? चांगल्या अल्कलाइन सेलाची साठवण सुमारे २००० मिलिअँपिअर-तास धरावी. १० ने भागले की २०० तास. रोज दोन तास खेळले तरी तीन महिने पुरतात. आमच्या तरुणपणी विजेरीचा काचेचा दिवा ३०० मिलिअँपिअर खात असे. त्याने हीच कोठी सात तासांच्या आत रिकामी केली असती. मात्र जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. जुना अगोदर संपतो, नवा त्यातून प्रवाह रेटीतच राहतो आणि जुना पाझरू लागतो. जुन्या तांदळात नवा मिसळणाऱ्याची पत जाते. येथे खेळणे जाते.

जोडणीचा क्रम असा: डबीच्या धन टोकापासून तांबडी तार बटणास, बटणापासून रोधकास, रोधकापासून दिव्याच्या लांब पायास आणि आखूड पायापासून काळी तार परत डबीच्या ऋण टोकास. रस्ता एकच असल्याने रोधक दिव्याच्या अलीकडे असो वा पलीकडे, प्रवाह तोच राहतो. जोड झाळताना शिसेविरहित झाळ वापरावी. शिसे हे मुलांस विष आहे. प्रत्येक उघड्या जोडावर नळी चढवावी, कारण दोन तारा परस्परांस चिकटल्या तर सेल तापतात. तार लाकडातील छिद्रातून काढताना आतल्या बाजूस गाठ मारावी, म्हणजे मुलाने ओढली तरी ताण जोडावर येत नाही. पोत्याच्या शिवणीची शेवटची गाठ घालणाऱ्यास हे सांगणे न लगे. दिवाही लहान वस्तूच होय. तो उघडा न ठेवता पारदर्शक टोपणाआड पक्का बसवावा आणि टोपणाच्या आत पातळ कागद लावावा, म्हणजे तीव्र किरण थेट डोळ्यांत जाणार नाहीत. पुन्हा भारित होणारे लिथियमचे सेल घरगुती खेळण्यात घालू नयेत. त्यांची तार चुकली तर आग लागू शकते.

एवढे झाल्यावर मिस्त्रींनी गाडी मेजावरून दहा वेळा खाली टाकावयास लाविली. चौथ्या खेपेस टोपण निघाले. ते पुन्हा बसविले आणि मोजणी आरंभापासून धरली. माल तोलताना तागडी हलली तर आपण पुन्हा तोलतो. त्यांचा शिरस्ता तोच.

आता आपल्या व्यवसायबंधूंस दोन शब्द. आपल्यापैकी काहींची खेळण्यांची, भेटवस्तूंची आणि किराण्याची दुकाने आहेत. केंद्र सरकारचा खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह त्याने आवश्यक केले. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे, इतरांसाठी आयएस ९८७३. बिनचिन्हाचा माल बनविणाराच नव्हे, तर साठविणारा आणि विकणाराही त्यात दोषी ठरतो. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांनी बनवून विकलेल्या मालास त्या आदेशातून सूट आहे. पण ती सूट कायद्याने दिलेली आहे; मुलाच्या गळ्यास ती ठाऊक नाही.

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी मानकात एक साधी नळी सांगितली आहे, तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर. जी सुटी वस्तू तीत संपूर्ण मावते ती त्या वयाच्या मुलास घातक समजावी. असे एखादे माप गल्ल्याशेजारी ठेवले आणि खेळणे विकण्यापूर्वी सेलच्या झाकणास स्क्रू आहे की नाही हे पाहिले, तर त्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. आपण धान्याचा नमुना मुठीत घेऊन पाहिल्याखेरीज सौदा करीत नाही; मग खेळण्याचा सौदा डोळे झाकून कशासाठी?

आणि खेळण्यांपेक्षाही अधिक काळजी ज्या वस्तूंची घ्यावयाची त्या आपल्याच घरांत आहेत. दिवाळीत विजेच्या पणत्या आता घरोघरी लागतात. त्यांपैकी कितीतरी चपट्या सेलांवर चालतात आणि अनेकींचे तळाचे झाकण नखाने उघडते. गाणे म्हणणारी शुभेच्छापत्रे, किल्लीच्या जुडग्यातले दिवे, दूरनियंत्रक, वजनाचे लहान काटे, या सर्वांत तोच सेल. पूजनाच्या दिवशी गिऱ्हाइकांस अशा पणत्या भेट म्हणून देण्याची प्रथा आमच्याही पेढीवर होती. गेल्या दिवाळीपासून आम्ही ती बंद केली आणि मातीच्या पणत्या दिल्या. घरातील चपटे सेल आता तिजोरीशेजारच्या कुलूपबंद खणात असतात, आणि संपलेले सेल निघाल्याबरोबर चिकटपट्टीत गुंडाळून त्याच खणात ठेवून नंतर ई-कचऱ्यात देतो.

गाडीचे म्हणाल तर नातीने तारा जोडल्या, झाळ मिस्त्रींनी घातली आणि झाकणाचे स्क्रू आम्ही आवळले. पेचकस आमच्याच जवळ असतो. नातवास कंदील लावावयाचा असला की तो गाडी घेऊन पेढीवर येतो, बटण दाबतो आणि ती आमच्या बैठकीवरून नमुन्याच्या ताटल्यांमधून हाकीत नेतो. मुनीमजी खतावणी आवरून त्यास वाट करून देतात. परवा सायंकाळी वीज गेली असता पेढीवर काही वेळ तेवढाच एक कंदील होता. आम्ही हात पुढे करून झाकण चाचपून पाहिले. ते घट्ट होते.